ओसरीवरची गुळवेल

सौंसर ही आमची सासुरवाडी. पुण्या-मुंबईच्या आप्तांना हे सांगितले, की ते विचारतात, "म्हणजे विदर्भातच ना?" भोपाळकडील स्नेह्यांना सांगितले, की ते विचारतात, "म्हणजे महाराष्ट्रात?" दोघांनाही नम्रपणे नाही म्हणावे लागते. सौंसर मध्य प्रदेशात आहे आणि तेथे घराघरांतून मराठी बोलतात, एवढे सांगून आम्ही विषय संपवतो. जबलपुरात तीन पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्याला या प्रश्नोत्तरांची सवय असतेच.

२०२३ च्या भाद्रपदात सासूबाईंचा दूरध्वनी आला. त्यांच्या बोलण्यात कधी नव्हे ती घाई होती. "जावईबापू, दसरा झाला का तुमचा मेहुणा ओसरीवरचा वेल तोडतो म्हणते. त्याच्या आत एकदा येऊन पाहून जा." वेल पाहण्यासाठी कोणी साडेचार-पाच तासांचा प्रवास करतो काय, असे आम्हांस क्षणभर वाटले. पण सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी बॅग भरावयास काढली, आणि घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

पूर्वी हा प्रवास छोट्या गाडीचा होता. आमच्या लग्नाचे वऱ्हाड जबलपूरहून नैनपूर, सिवनी, छिंदवाडा असे करीत सातपुड्याच्या अरुंद रुळांवरूनच सौंसरला उतरले होते. चढावर गाडी इतकी मंदावे, की आमचे एक काका खाली उतरून तिच्या बाजूने चालले होते, अशी कथा आमच्या घरात अजून सांगतात. तीत तिखटमीठ किती, हे आता विचारण्यात अर्थ नाही. ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि त्या वाटेवर रुंद रूळ आले. आम्ही मात्र या खेपेस रस्त्याने गेलो. लखनादौन, सिवनी, चौरई मागे टाकून छिंदवाड्यास चहा घेतला, आणि उमरानाल्यापुढे सिल्लेवानीचा घाट उतरू लागलो.

या घाटाची मौज अशी, की वर असताना हिंदी ऐकू येते आणि खाली उतरले की मराठी. साग आणि पळस यांच्या गर्दीतून वळणे घेत रस्ता रामाकोन्याच्या सपाटीवर येतो, आणि पाहता पाहता दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा दिसू लागतात. पाणपोईपाशी कोणी तरी "कोनीकडून येऊन राह्यले?" असे विचारतो आणि सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर माहेर उमटते.

इतिहास पाहिला तर यात नवल नाही. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. पुढे इंग्रजी अमदानीतील मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसरची माणसे जागची हलली नाहीत. राजधानी तेवढी भोपाळला गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा आणखी एक बदल अगदी ताजा होता. त्याच ऑक्टोबर महिन्यात पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला होता. पांढुर्ण्याचे नाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे सर्वांनी ऐकलेले असते. आता सौंसरकरांना जिल्ह्याच्या कामासाठी घाट चढावा लागणार नाही, याचे समाधान बसथांब्यापासून घरापर्यंत तीन जणांनी आम्हांस ऐकवले.

घरी पोहोचलो आणि प्रथम दृष्टी गेली ती वेलाकडेच. ओसरीच्या कोपऱ्यात जुना कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्यावरून चढलेली गुळवेल पुढे तारेवरून संपूर्ण ओसरीवर पसरली आहे. पाने हृदयाच्या आकाराची, तळहाताएवढी. वरून खाली सुटलेली तिची बारीक मुळे सुतळीच्या झुपक्यांसारखी वाऱ्यावर हलतात. दुपारी त्या पानांतून येणारा हिरवा उजेड ज्याने अनुभवला, त्याला दुसरा मांडव आवडणार नाही. उन्हाळ्यात ही वेल पाने टाकून वाळल्यासारखी दिसते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. तोडलेला तुकडा नुसता टांगून ठेवला, तरी तो खाली मुळे सोडतो. तिला अमृता म्हणतात ते उगाच नव्हे.

आमच्या सासऱ्यांनी बागेच्या कुंपणावरचा वीतभर तुकडा आणून निंबापाशी टोचला, त्याला चाळीस वर्षे झाली असतील. निंबावर चढलेली गुळवेल औषधाला उत्तम, अशी त्यांची श्रद्धा. ते गेल्यानंतर सासूबाईंनी तिला शोभेच्या वेलीसारखे वळण लावले. २०२० च्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी होऊ लागला, तेव्हा अर्धी आळी त्यांच्या दारी आली. त्यांनी कोणास नाही म्हटले नाही. सात-आठ घरी या वेलीचे तुकडे रुजले आणि गच्चीवर, फाटकावर, खिडकीच्या गजांवर पसरले.

अशा वेलीवर घरच्या कर्त्या मुलाचा राग का असावा, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. सासूबाई चष्मा लावून, एका हातात चिमटा आणि दुसऱ्यात साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. एकेक पान उलटून पाहत होत्या. आम्ही जवळ गेलो. पानाच्या खाली बोटाएवढी, काळपट मखमली अंगाची एक अळी होती. तिच्या दोन्ही बाजूंस डोळ्यांसारखे ठिपके. चिमटा लागताच तिने मान खाली वळवली, शेपटीकडचा भाग वर उचलला, आणि ते खोटे डोळे आमच्याकडे रोखले गेले. आम्ही एक पाऊल मागे सरलो, हे कबूल केले पाहिजे. सासूबाईंनी तिला शांतपणे डब्यात टाकले.

"दरसाल येते," त्या म्हणाल्या. "पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत. नातवानं दोनदा औषध मारलं. पंधरा दिवस बरं गेलं, मंग पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. आन् औषध मारलेल्या वेलाचा काढा कोनाले देऊ?"

हा चिवटपणा समजून घेण्यासारखा आहे. अळी वेलीवर जन्मते, पण तिची आई बाहेरून येते. रात्री उडत आलेला पतंग पानांच्या खालच्या अंगास मोहरीहून लहान अंडी घालतो. अंड्यांतून अळ्या निघतात, दोन-तीन आठवडे पाने खाऊन मोठ्या होतात, आणि पानेच एकमेकांस जोडून त्यांच्या घडीत कोष करतात. महिन्याभरात नवा पतंग तयार. फवारणीने त्या दिवशीच्या अळ्या मरतात, परंतु पुढल्या आठवड्यात येणाऱ्या पतंगास कोण अडवणार? शिवाय या पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालून त्यांचा नाश करणाऱ्या अतिसूक्ष्म गांधिलमाश्या असतात. औषधाने त्याही मरतात. राखणदार मारून चोराची वाट मोकळी करावी, तसा तो प्रकार होतो.

पण आमच्या ज्येष्ठ शालकांचे दुःख वेलीच्या पानांचे नव्हते. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणतो. दिवे लागण्याच्या सुमारास ते म्हणाले, "जावईबापू, आईची बाजू तुम्ही सकाळी पाहिली. आता माही बाजू पाहाले बागेत चला."

बाग गावापासून दीड-दोन मैलांवर. आंबिया बहाराची फळे रंगावर येऊ लागली होती. आंबिया म्हणजे थंडीच्या अखेरीस फुलून शरदात पिकणारा बहार. मृग बहार त्याच्या नंतर, पावसाच्या आरंभी फुलणारा. झाडांखाली गळलेली संत्री पडली होती. भाऊसाहेबांनी एक उचलून आमच्या हाती दिले. वरून धड, एका ठिकाणी टाचणीने टोचावे तसे छिद्र आणि त्याभोवती मऊ पडलेला डाग. दाबताच त्या छिद्रातून आंबट वासाचा रस आला.

"आता थांबा," ते म्हणाले. काळोख पडला. आठाच्या सुमारास त्यांनी विजेरी एका फांदीवर टाकली आणि पानांत दोन तांबूस ठिणग्या चमकल्या. ते पतंगाचे डोळे होते. जवळून पाहिले. पुढचे पंख सुकल्या पानासारखे तपकिरी, आणि ते किंचित उघडताच खाली भगव्या-पिवळ्या रंगाचे, काळ्या नक्षीचे मागले पंख. देखणे पाखरू. त्याची सोंड मात्र इतर पतंगांसारखी मऊ नसते. टोकाशी कठीण आणि काटेरी असलेल्या त्या सोंडेने ते संत्र्याची साल भोकसते आणि रस शोषते. रस जातो तो थोडाच. पण त्या छिद्रातून बुरशी शिरते, फळ सडते आणि गळते. बहुतेक किडींत अळी नुकसान करते आणि पतंग निरुपद्रवी असतो. येथे उलट. अळी संत्र्याला तोंडही लावत नाही. तिचे बालपण गुळवेलीवर जाते आणि चोरी करण्याचे वय झाले, की ती बागेत येते.

शेतकीचे जाणते लोक म्हणूनच सांगतात, की बागेच्या आसपासची गुळवेल, वासनवेल, चांदवेल काढून टाका. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरा. तिन्हीसांजेस बागेत धूर करा. भाऊसाहेबांनी धूर केलेलाच होता. ओल्या काडीकचऱ्याचा तो धूर झाडांतून रेंगाळत होता आणि आमच्या डोळ्यांतून पाणी येत होते. फळ तोडणीला आले असताना त्यावर विष फवारणे बरे नाही, आणि दिवसा फवारून रात्रीच्या पाहुण्याचे फारसे बिघडतही नाही. पतंग पृथ्वीवर दूरवर पसरलेला आहे. आफ्रिकेपासून आशियातून ऑस्ट्रेलियापर्यंत फळबागाईतदार त्याच्याशी झुंजतात. जपानात बागांतून रात्री पिवळे दिवे लावून त्याला दूर ठेवतात. प्रशांत महासागरातील बेटांवर तर त्याच्या एका जातीच्या अळीने पांगाऱ्यावर संसार थाटला आहे.

भाऊसाहेब परतताना म्हणाले, "बेपारी परवा येऊन गेला. झाडावरच्या मालाचा सौदा ठरला होता. खाली पडलेली फळं पाहिली आन् भाव पाडून मागते. पोरगी नागपूरले शिकते, तिची फी या बहारावर हाय. मी बागेसाठी रात्री जागतो, आन् माह्याच ओसरीवर त्याचा पाळणा टांगलेला! लोक काय म्हनतील?"

जेवताना कोणी फारसे बोलले नाही. तुरीचे वरण, भाकर, पाटवड्यांचा रस्सा, सगळे सासुरवाडीच्या थाटाचे होते. पण मायलेक एकमेकांकडे पाहत नव्हते. अखेर सासूबाई म्हणाल्या, "उद्या मले बागेत ने."

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या तीन वर्षे बागेत गेल्या नव्हत्या. दुसऱ्या संध्याकाळी बंडीत गादी टाकून त्यांना नेले. सासऱ्यांनी लावलेल्या झाडांच्या ओळीतून त्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. विजेरीच्या उजेडात त्यांनी तो पतंग पाहिला. सोंड खुपसून स्थिर बसला होता. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "हेच का ते, माह्या डब्यातल्याचं?" भाऊसाहेबांनी मान हलवली. मग त्यांनी कुंपणाकडे उजेड टाकावयास सांगितला. बोर-बाभळीच्या कुंपणावर गुळवेल माजली होती. ज्या वेलीचा तुकडा सासऱ्यांनी घरी आणला, तीच ही.

त्या रात्री त्यांनी आपला निकाल सांगितला. आम्ही वयाने लहान नाही, नोकरीत पुष्कळ तडजोडी पाहिल्या आहेत; परंतु इतका सरळ न्याय क्वचित पाहिला.

"कुंपनावरचा वेल मुळासकट काढ. त्याले पाहाले तिथं कोनी नाही. ज्याच्याकडे रोज पाहाले मानूस नाही, तो वेल ठेवू नये. घरचा मात्र एक साल ठेव. भाऊ, हा वेल तोडला म्हणून पतंग थांबते का? त्या डोंगरात किती गुळवेल हाय, तो कोन तोडनार? तिथून तो येतेच. माह्या दारी अंडी घातली तर मी रोज वेचून काढतो. घरचा तोडला तर तो मले न दिसेल अशा ठिकानी घालील."

विदर्भाच्या या बाजूला जुन्या बायका "मी करतो, मी जातो" असे बोलतात, हे वाचकांस ठाऊक असेलच.

भाऊसाहेब थोडे घुटमळले. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि सासूबाईंच्याही. पतंग दूरवर उडणारा आहे, जंगलातून बागेत येतो, हे खरे. एका घरची वेल तोडून तो हटणार नाही, हेही खरे. पण घरची वेल वाऱ्यावर सोडली तर त्याची संख्या वाढेल, हेही तितकेच खरे. ते म्हणाले, "बरं. पण वेल हात पोहोचेल एवढाच राहीन. निंबाच्या शेंड्यावर गेलेला मी छाटतो." सासूबाईंनी होकार दिला. मग त्यांनाच दुसरी गोष्ट आठवली आणि त्या एकदम गप्प झाल्या. २०२० साली वाटलेले तुकडे! सात-आठ घरच्या त्या वेलींवर चिमटा कोण चालवत होते?

कोणीच नाही, हे सकाळी कळले. सासूबाई काठी टेकीत घरोघर गेल्या. आम्ही मागे पिशवी धरून. एके ठिकाणी वेलीची पाने चाळणीसारखी झालेली, आणि घरची सून म्हणाली, "आजी, तुमचा वेल काही लागला नाही आमाले." दुसरीकडे वेल गच्चीच्या टाकीवर चढून बसलेली. साथ सरली, काढा थांबला, वेल तेवढी राहिली. सासूबाईंनी प्रत्येक घरी तेच सांगितले: ठेवायची तर रोज पानाखाली पाहा, नाही तर काढून टाका, माझा राग नाही. दोन घरांनी तेव्हाच काढली. बाकीच्यांनी मान डोलावली, आणि अशा मान डोलावण्याचा अर्थ सासूबाईंना आमच्याहून अधिक कळतो.

उपाय आपसूक चालत आला. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत या भागात भुलाबाई बसते. संध्याकाळी आळीतल्या मुली टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी आज खाऊ काय, हे ओळखण्याचा खेळ होतो. त्या संध्याकाळी मुली आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना वेलीवरची एक अळी दाखवली. आधी किंचाळ्या, मग कुतूहल. सासूबाई म्हणाल्या, "ज्या घरी गुळवेल हाय, तिथं गानं म्हनायच्या आधी पानं उलटून पाहा. हात लावू नका, चिमट्यानं डब्यात टाका. ज्या घरी एकही नाही सापडली, त्या घरच्या बाईले शाबासकी द्या." मुलींना एवढा हुकूम पुरला. तिसऱ्या दिवशी एका घरच्या सुनेने मुली येण्याच्या आत आपण होऊन पाने उलटलेली आम्ही पाहिली. शाबासकी गेली तर शेजारणींत शोभा नाही!

निघण्याच्या आदल्या दिवशी जामसावळीच्या मारुतीस जाऊन आलो. पिंपळाखाली पहुडलेल्या त्या मूर्तीपुढे सासूबाईंनी हात जोडले. काय मागितले ते विचारले नाही. परतताना बागेपाशी कुंपणावरून ओढून काढलेल्या वेलींचा ढीग दिसला. भाऊसाहेबांनी तो पेटवला नव्हता, नुसता उन्हात टाकला होता. सासूबाई म्हणाल्या, "तसा टाकू नको. हा वाळत नाही, मुळं सोडते." आणि त्यांनी स्वतः उभ्या राहून तो जाळवला.

जबलपूरसाठी एक तुकडा मागावा, असे आमच्या मनात होते. पण धीर होईना. सौभाग्यवतींनीच मागितला. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे संत्र्याचे बगीचे नाहीत, हे खरं. पण कोनाचा पेरू असन, कोनाचं डाळिंब असन. त्यालेही ते पाखरू सोडत नाही." मग विचार करून त्यांनी वीतभर तुकडा कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि वर तो जुना चिमटाही दिला.

पुढल्या वर्षी, २०२४ च्या दिवाळीत, भाऊसाहेबांशी बोलणे झाले. फळगळ थांबली असे ते म्हणाले नाहीत. डोंगर जागेवर आहे तोवर ती अगदी थांबणार नाही. गळलेली फळे रोज पुरणे आणि धूर करणे चालूच होते. गळ आधीच्या सालापेक्षा कमी वाटली, पण श्रेय कोणास द्यावे ते सांगता येत नाही, असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. ओसरीवरची वेल मात्र त्यांनी तोडली नव्हती. दिलेल्या मुदतीचा विषयही कोणी काढला नव्हता.

आमच्या सज्जात तो तुकडा रुजला. पहिल्या श्रावणात अर्धा गज झाकला गेला आणि शेजारीपाजारी कौतुक करू लागले. आम्हीही दिवसातून दोनदा खुर्ची टाकून त्या हिरव्या उजेडात वर्तमानपत्र वाचीत असू. सासूबाईंचा दूरध्वनी आला, तेव्हा आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, की वेल छान चढली आहे, आणि कीड अजिबात नाही.

"पानाखाली पाहिलं का?" त्यांनी विचारले.

आम्ही उठलो, चष्मा शोधला आणि पहिले पान उलटले.